उडालेला रंग फोटोशॉप-गिंपमध्ये खरा कसा दाखवायचा: जुन्या नाशकातल्या एका निळ्या दारावरून

मागे एका मिसळवाल्या काकांचं बोर्डाचं काम आलं होतं. त्यांना जुन्या वाड्याच्या दारावर अक्षरं रंगवल्यासारखा लुक पाहिजे होता. मी म्हटलं त्यात काय, नेटवरून एक ग्रंज ब्रश, म्हणजे तयार खरबरीत डाग उमटवणारा ब्रश, उचलला, निळ्या बॅकग्राऊंडवर तपकिरी डाग फिरवले आणि अर्ध्या तासात फाईल पाठवून मोकळी झाले. काकांनी मोबाईल लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि म्हणाले, "ताई, हे जुनं नाही वाटत, नव्या दारावर कुणीतरी पॉलिश पेपर मारलाय असं वाटतंय."

राग आला खरा, पण माणूस बरोबर बोलत होता. माझे डाग सगळीकडे सारखे होते, वर तेवढेच, खाली तेवढेच, मधेही तेवढेच. खऱ्या दारावर असं कधी होत नाही. रंग जिथून उडतो तिथे काहीतरी घडलेलं असतं, पाणी लागलेलं असतं, हात लागलेला असतो, ऊन पडलेलं असतं. ते आधी ठरवायचं आणि मग सॉफ्टवेअर उघडायचं, एवढंच मला या लेखात सांगायचंय, बाकी सगळी बटणं आहेत. पण बटणंही सांगते, कारण नवीन माणूस तिथेच अडकतो.

मी गिंप वापरते, कारण फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. फोटोशॉप असेल तर उत्तमच, तेही नसेल तर फोटोपी ब्राउझरमध्येच उघडतं आणि त्याचे मेनू बरेचसे फोटोशॉपसारखे आहेत. गिंपचं ३.० व्हर्जन २०२५ मध्ये आलं, त्यात काही गोष्टी इकडच्या तिकडे झाल्यात, पण खाली जे सांगतेय ते जुन्या २.१० मध्येही होतं.

आधी दार बघून या

काकांनी फाईल परत पाठवल्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या नाशकात गेले. तिवंधा, तांबट लेन, दहीपूल, या पट्ट्यात अजून लाकडी दारं बरीच आहेत, दर पावसाळ्यात थोडी कमी होतात ते वेगळं. एका वाड्याचं आकाशी निळं दार सापडलं, दोन फळ्यांचं, कडी-कोयंडा घासून चकचकीत झालेला. फोटो काढायला लागले तर आतून आजी आल्या. "बिल्डरकडून आलीस का गं?"

"नाही आजी, मी बोर्ड बनवते. दाराचा रंग बघतेय."

"रंग? त्याला कुठे रंग राहिलाय. हा निळा धाकट्याच्या लग्नातला. थोरल्याच्या लग्नात हिरवा होता, तो बघ खाली दिसतोय. त्याच्या खाली तो लाल, तो सुतारानेच लावलेला."

आजींनी मला एका वाक्यात लेयर पॅनेल, म्हणजे सॉफ्टवेअरमधली एकावर एक थरांची यादी, सांगून टाकलं. खाली लाकूड, त्यावर रेड ऑक्साईडचा प्रायमर, त्यावर हिरवा ऑइल पेंट, त्यावर निळा. मग मी विचारलं की इथे कडीच्या बाजूलाच एवढं लाकूड कसं काय उघडं पडलंय, तर म्हणाल्या, "सगळे इथेच ढकलतात ना. पोरं तर लाथेने." आणि खरंच, कडीभोवती एक मोठा लांबट पट्टा गुळगुळीत आणि काळपट होता आणि खाली गुडघ्याच्या खालीही एक वेगळा खरवडलेला भाग होता.

अजून काय काय दिसलं ते सांगते, कारण पुढे हेच वापरायचंय. अगदी खालची वीतभर पट्टी पार उघडी, तिथे रोज सडा-पाणी होतं, पावसाचं पाणी उंबऱ्यावरून उडतं आणि लाकूड ओलं-सुकं होत राहतं, त्यामुळे रंगाचे पोपडे निघालेत. वरच्या बाजूला, चौकटीच्या सावलीत, रंग जवळजवळ नवा. चौकटीवर तोरण लावायचे खिळे आणि प्रत्येक खिळ्याखाली गंजाचा एक बारीक ओघळ. मधे एक चौकोन आजूबाजूपेक्षा गडद निळा, तिथे कधीतरी पत्र्याची नावाची पाटी होती, त्यामुळे ऊन लागलं नाही. डाव्या फळीवर फिकट गुलाबी शिंतोडे, ते रंगपंचमीचे, रहाड, म्हणजे रंगपंचमीचा रंगाच्या पाण्याचा मोठा हौद, जवळच आहे म्हटल्यावर दारं कशी सुटतील.

फोटो काढताना ढगाळ सकाळ किंवा पूर्ण सावली बघा. ऊन-सावलीचा पट्टा फोटोत आला की तो टेक्स्चरमधून, म्हणजे आपण बनवणार त्या पृष्ठभागाच्या चित्रातून, काढता काढता जीव जातो. फ्लॅश बंद. दाराच्या अगदी समोर उभं राहायचं, मोबाईल तिरका नको, आणि शक्य असेल तर दोन पावलं मागे जाऊन थोडं झूम करा, अगदी जवळून वाईड लेन्सने काढलं की कडा गोल होतात. एक फोटो अख्ख्या दाराचा, पाच-सहा जवळचे. आणि एक गोष्ट सांभाळा, पोपडे नखाने उचकटून बघू नका. एकतर दार दुसऱ्याचं, आणि जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, त्याच्या आधीच्या दारांचं काय सांगावं. बघायचं, फोटो काढायचा, आजींचा चहा प्यायचा आणि निघायचं.

फाईल आणि रंगाचे थर

नवी फाईल २०४८ बाय २०४८ पिक्सेलची घ्या, शिकायला पुरते. सगळ्यात खाली लाकडाचा फोटो टाका, रेषा उभ्या ठेवा. लाकूड ताजं पिवळं नको हां, नवे लोक हमखास इथे चुकतात, फर्निचरच्या दुकानातल्या प्लायचा फोटो लावतात. ऊन-पाऊस खाल्लेलं लाकूड राखाडी पडतं. तुमच्याकडे पिवळट फोटोच असेल तर ह्यू-सॅच्युरेशनमध्ये सॅच्युरेशन चांगलं खाली आणा.

त्यावर तीन लेयर, प्रत्येक एका रंगाने भरलेला. माझे आकडे असे, क्रमाने आरजीबी, म्हणजे रंगात लाल, हिरवा आणि निळा किती ते, ० ते २५५ मध्ये: रेड ऑक्साईड १२०, ५०, ३८. मग हिरवा पेंट ७०, ११२, ८४. सगळ्यात वर आकाशी निळा ६२, १२०, १५०. लेयरना नावं द्या, "प्रायमर", "हिरवा", "निळा", नाहीतर पुढे "लेयर कॉपी ७" मध्ये हरवून जाल, माझं झालंय.

हे रंग अगदी सपाट ठेवायचे नाहीत. प्रत्येकावर फिल्टर्स → नॉइज → एचएसव्ही नॉइज अगदी किंचित मारा, दिसेल न दिसेल इतकं. ब्रशने दिलेल्या ऑइल पेंटमध्ये उभ्या बारीक रेघाही असतात, त्या पाहिजे असतील तर त्याच नॉइजवर उभा मोशन ब्लर द्या.

आता प्रत्येक रंगाच्या लेयरला मास्क लावा, राईट क्लिक → ॲड लेयर मास्क → व्हाईट. मास्क म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मास्कवर पांढरं असेल तिथे लेयर दिसतो, काळं असेल तिथे लपतो, राखाडी असेल तिथे अर्धवट. खोडरबर वापरू नका, कधीच. खोडरबरने गेलेला रंग परत येत नाही, मास्कवर मात्र पांढरा ब्रश फिरवला की परत येतो, आणि कस्टमर "थोडं कमी जुनं करा" म्हणतोच म्हणतो.

कारणांचा नकाशा, हा भाग नीट वाचा

सगळी गंमत इथे आहे. दोन गोष्टी एकत्र करायच्या: एक, मशीनने बनवलेला अनियमितपणा, आणि दोन, तुमच्या हाताने रंगवलेला "इथे का गेला" याचा नकाशा.

पहिल्यांदा सगळ्याच्या वर एक नवा लेयर घ्या आणि त्यावर फिल्टर्स → रेंडर → नॉइज → सॉलिड नॉइज. ढगांसारखं काळं-पांढरं काहीतरी येईल. यात एक्स साईज आणि वाय साईज असे दोन आकडे असतात, ते जरा उलटे चालतात, आकडा वाढवला की ढग बारीक होतात. लाकूड उभ्या रेषेने फाटतं आणि रंगही त्याच रेषेने सुटतो, म्हणून एक्स मोठा ठेवा, साधारण १२, आणि वाय छोटा, ३ वगैरे, म्हणजे ढग उभे ताणले जातात. डिटेल ६ च्या पुढे न्या, नाहीतर कडा लोण्यासारख्या मऊ येतात. फोटोशॉपवाल्यांनी फिल्टर → रेंडर → क्लाऊड्स मारायचं आणि मग ट्रान्सफॉर्मने उभं ताणायचं, तिथे वेगळे आकडे नाहीत.

आता त्याच्या वर अजून एक लेयर, पूर्ण पांढरा. यावर मोठा मऊ ब्रश घ्या आणि आजींचं दार आठवा. खालची वीतभर पट्टी, काळी. कडीच्या बाजूचा लांबट पट्टा, काळा, पण मधे जास्त आणि बाजूला विरत जाणारा. गुडघ्याखालचा लाथेचा भाग, मध्यम राखाडी. फळ्यांच्या कडा आणि कोपरे, राखाडीची बारीक रेघ, कारण धारेवर रंगाचा थर मुळातच पातळ बसतो आणि धक्केही तिथेच लागतात. बाकी मोकळ्या भागावर इकडेतिकडे अगदी हलका राखाडी, १९० च्या आसपास. चौकटीच्या सावलीतला वरचा भाग पांढराच सोडा. सोडा म्हणजे सोडाच, हात शिवशिवतात तिथेही थोडं करावं म्हणून, पण शाबूत भाग असतो म्हणूनच उडालेला भाग खरा वाटतो.

झालं की या नकाशाला गॉशियन ब्लर द्या, ६० पिक्सेल वगैरे, आणि लेयरची ओपॅसिटी, म्हणजे तो किती भरीव दिसतो ते, ५० करा. खालचा नॉइज आणि वरचा नकाशा आता मिसळून दिसेल, घाणेरडा राखाडी ढगाळ प्रकार, घाबरू नका. लेयर → न्यू फ्रॉम व्हिजिबल करा. हा जो नवीन लेयर मिळाला त्याच्या तीन कॉपी करा.

पहिल्या कॉपीवर कलर्स → थ्रेशोल्ड, आकडा १३०. दुसरीवर ११२. तिसरीवर ९५. थ्रेशोल्ड काय करतं, तर त्या आकड्यापेक्षा गडद सगळं काळं आणि उजळ सगळं पांढरं. म्हणजे १३० वालीत काळा भाग सगळ्यात जास्त, ९५ वालीत सगळ्यात कमी, आणि प्रत्येक छोटा काळा डाग मोठ्या डागाच्या बरोब्बर आत बसलेला. १३० वाली कॉपी निळ्याच्या मास्कमध्ये टाका, ११२ वाली हिरव्याच्या, ९५ वाली प्रायमरच्या. टाकायचं असं: कॉपीवर क्लिक, कंट्रोल-ए, कंट्रोल-सी, मग मास्कच्या छोट्या चौकोनावर क्लिक, कंट्रोल-व्ही, आणि तरंगणारा लेयर अँकर करा, कंट्रोल-एच. झालं की वरचे सगळे राखाडी लेयर लपवा, डिलीट करू नका.

आता जे दिसेल ते बघून मी पहिल्यांदा खुर्चीतून उठले होते. मधे लाकूड, त्याभोवती रेड ऑक्साईडची बारीक कड, त्याभोवती हिरव्याची, मग निळा, नकाशातल्या डोंगराच्या रेषांसारखं. धाकट्याचं लग्न, थोरल्याचं लग्न आणि सुतार, सगळे ओळीने.

आकडे जसेच्या तसे पाळू नका, तुमच्या नॉइजप्रमाणे दहा-पंधरा इकडेतिकडे लागतील. पण आकड्यांमधल्या अंतराला अर्थ आहे तो लक्षात ठेवा. हाताने घासून गेलेल्या रंगात थर एकेक करून झिजतो, म्हणून आकडे लांब लांब ठेवायचे आणि कडा थोड्या मऊ, थ्रेशोल्डऐवजी कलर्स → लेव्हल्समध्ये काळा आणि पांढरा त्रिकोण जवळ आणले की मऊ कड मिळते. पोपडा निघतो तेव्हा मात्र ओलीमुळे सगळे थर एकदमच लाकडापासून सुटतात, तिथे आकडे अगदी जवळ जवळ, ११५, ११२, ११० असे, आणि कडा धारदार. म्हणजे एकाच दारावर दोन प्रकार लागतात, कडीजवळ घासलेला आणि खाली पोपड्यांचा. मी दोन वेगळे सेट बनवते आणि नंतर मास्कवर हाताने जोडते. कंटाळवाणं आहे, पण मला तरी याला शॉर्टकट सापडलेला नाही.

रंगाला जाडी द्या, पण पापड नको

आत्ता सगळं छापील कागदासारखं सपाट दिसत असेल. ऑइल पेंटचे दोन-तीन हात बसलेले असतात, त्याला थोडी जाडी असते आणि सुटलेल्या कडेची बारीक सावली खाली पडते.

गिंपमध्ये एक खोडी आहे, ड्रॉप शॅडो फिल्टर लेयर मास्क बघत नाही, तो अख्ख्या लेयरचीच सावली टाकतो आणि तुम्हाला वाटतं काही झालंच नाही. म्हणून निळ्या लेयरची डुप्लिकेट काढा, मूळ लपवून ठेवा, आणि डुप्लिकेटवर राईट क्लिक → अप्लाय लेयर मास्क. मग फिल्टर्स → लाईट अँड शॅडो → ड्रॉप शॅडो: एक्स २, वाय २, ब्लर २, ओपॅसिटी ४५ टक्के. हिरव्याला त्याहून कमी, १ आणि १. फोटोशॉपमध्ये हा त्रास नाही, लेयर स्टाईल मास्कच्या कडेनेच चालते.

नवीन माणूस इथे एक्स १०, वाय १० करतो आणि दारावर पापड चिकटवल्यासारखं दिसतं. रंगाचा थर मिलिमीटरपेक्षाही कमी असतो हो. सावली मुद्दाम शोधल्यावर दिसली पाहिजे, इतकीच. आणि उजेड कुठून येतो ते एकदा ठरवा, वरून डावीकडून म्हणा, आणि मग प्रत्येक सावली, प्रत्येक खिळा, प्रत्येक चीर तेच पाळेल. लाकडाच्या फोटोत उजेड उजवीकडून असेल तर फोटोच आडवा फ्लिप करून घ्या.

तडे पाहिजे असतील तर अजून एक सॉलिड नॉइज, यावेळी टर्ब्युलंट टिक करून, एक्स १६, वाय १, आणि थ्रेशोल्ड इतका खाली की फक्त बारीक काळ्या शिरा उरतील. त्या निळ्याच्या मास्कवर मल्टिप्लाय मोडने (यात खालचं आणखी गडद होतं) मिसळा. तडे उभेच येऊ द्या, लाकडाच्या रेषेने. कोळ्याच्या जाळ्यासारखे चौफेर तडे म्हातारीच्या दाराला जात नाहीत, ते चिनी मातीच्या बशीला जातात.

ऊन, हात आणि गंज

ऊन म्हणजे फिकेपण. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगाला धरून ठेवणारा चिकट भाग मोडत जातो आणि वरचा रंग भुकटीसारखा मोकळा होतो, जुन्या दारावर हात फिरवला की तळव्याला खडूसारखी पूड लागते ती तीच. निळ्याच्या वर एक फिकट राखाडी-पांढरा लेयर, ओपॅसिटी १५ ते २५, आणि त्याच्या मास्कवर सावलीतला भाग आणि तो पाटीचा चौकोन काळा करा. माझ्या मते हा एक चौकोन अख्ख्या टेक्स्चरमध्ये सगळ्यात जास्त काम करतो. चार खिळ्यांची भोकंही द्या त्याच्या कोपऱ्यात. बघणारा विचार करत नाही, पण डोळ्याला पटतं.

रेड ऑक्साईड मात्र फिका करू नका, तो लोखंडाच्या ऑक्साईडचा रंग, उन्हाला दाद देत नाही. निळे-गुलाबी उडतात, तो तसाच राहतो.

हात म्हणजे तेलकट काळपटपणा. कडीभोवती मल्टिप्लाय मोडचा लेयर, रंग गडद तपकिरी, काळा अजिबात नको, काळा वापरला की दार जळल्यासारखं दिसतं. उंची बघा, मोठ्यांचा हात छातीजवळ, पोरांचा त्याच्या खाली. तिथलं उघडं लाकूड राखाडी नसतं, तेल पिऊन मधाळ तपकिरी झालेलं असतं, म्हणजे लाकडाच्या लेयरलाही तेवढ्यापुरता रंग द्यावा लागतो.

खिळ्यांखालचे ओघळ: २ पिक्सेलच्या ब्रशने खिळ्यापासून खाली दोन-तीन वेड्यावाकड्या रेघा, रंग १५०, ७५, ३०, मग फिल्टर्स → ब्लर → लिनिअर मोशन ब्लर, अँगल ९०. हा ब्लर वरच्या बाजूलाही पसरतो, तेवढा मास्कने लपवा, गंज वर चढत नाही. सगळे ओघळ सारख्या लांबीचे नकोत. आणि रंगपंचमीचे शिंतोडे घालायचे असतील तर घाला, पण ते सगळ्या थरांच्या वर येतात, उघड्या लाकडावरही, कारण ते मागच्याच वर्षीचे.

दार नसेल तर

लोखंडी गेट किंवा शटर करायचं असेल, सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत फिरलात तर हवे तेवढे नमुने आहेत, तर नॉइज ताणू नका, एक्स आणि वाय सारखेच ठेवा, कारण पत्र्याला रेषा नसते. तिथे गंज रंगाच्या खाली सुरू होतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते म्हणून तो रंगाला फोडासारखा वर उचलतो. म्हणजे उडालेल्या भागाच्या भोवती फुगलेली कड आणि आत तपकिरी-नारिंगी खरबरीतपणा. सुरुवात वेल्डिंगचे जोड, बोल्ट आणि खालची कड इथून.

भिंत असेल तर खेळ पाण्याचा. घाटाकडच्या भिंती बघा, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं त्यावर आपल्याकडे पूर मोजतात, आणि पूर ओसरल्यावर भिंतीवरही तशीच एक आडवी रेघ उरते. भिंतीची ओल जमिनीतून वर चढते, लोणा धरतो, पांढरी पूड येते आणि चुन्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून इथे नकाशा खालून वर विरत जाणारा, वरची कड लाटांसारखी आणि डाग मोठे, मऊ. जुन्या चुन्यात नीळ असते, म्हणून रंग अगदी पांढरा घेऊ नका.

अक्षरं

बोर्ड असेल तर अक्षरं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सांभाळून. अक्षर दारावर नंतर रंगवलेलं असतं, म्हणजे निळ्याचा पोपडा निघाला की त्यावरचं अक्षर त्याच्याबरोबर गेलंच पाहिजे. निळ्याचा मास्क जसाच्या तसा अक्षरांच्या लेयरलाही लावा. वर अक्षराची स्वतःची थोडी झीज, थ्रेशोल्ड १४० करून, कारण तो सगळ्यात वरचा थर. कोऱ्या अक्षरांखाली उडालेला रंग म्हणजे लगेच पकडला जाणारा खोटेपणा.

आणि आता खास मराठीची अडचण. इंग्रजी अक्षराचा तुकडा उडाला तरी माणूस वाचतो, आपल्याकडे वेलांटी उडाली की शब्द बदलतो. माझ्या पहिल्या ट्रायलमध्ये पोपडा बरोब्बर वेलांटीवर आला आणि बोर्ड झाला "झणझणीत मसळ". अनुस्वार, वेलांट्या, रफार, उकार, हे सगळे मास्कवर पांढऱ्या ब्रशने हाताने वाचवायचे. झीज शिरोरेषेवर घ्या, काने आणि दांड्यांच्या पोटात घ्या, तिथे कितीही खाल्लं तरी चालतं. फोन नंबरवर काहीही करू नका, ८ चा ९ वाटला तर काका तुम्हाला सोडणार नाहीत.

तपासणी आणि प्रिंट

झूम २५ टक्क्यांवर आणून बघा. जवळून सुंदर आणि लांबून नुसता चिखल असं खूपदा होतं. मग आडवं फ्लिप करून बघा, डोळा फसलेला असतो तो सुटतो. एकसारखे दोन डाग दिसले तर एक मास्कवर बदला. टेक्स्चर जोडत न्यायचं असेल, गेमसाठी किंवा मोठ्या भिंतीसाठी, तर लेयर → ट्रान्सफॉर्म → ऑफसेट, रॅप अराऊंड ठेवून अर्धी रुंदी-अर्धी उंची, म्हणजे शिवण मधोमध येते आणि क्लोन टूलने पुसता येते. पण लक्षात घ्या, पाटीचा चौकोन किंवा कडीचा पट्टा असलेलं टेक्स्चर जोडायला चालत नाही, दर हातभर अंतरावर तीच पाटी दिसेल.

फ्लेक्ससाठी दहा बाय चार फुटांचा बोर्ड १०० पीपीआयने (इंचाला १०० पिक्सेल) म्हणजे १२००० बाय ४८०० पिक्सेल. साधा लॅपटॉप इथे धापा टाकतो. रस्त्यावरून दोन पिक्सेलची सावली कुणालाही दिसणार नाहीये, त्यामुळे बोर्डासाठी मोठे डाग, पाटीचा चौकोन आणि रंगांचा फरक यावर वेळ घाला, बारीक तडे सोडून द्या. लग्नपत्रिका किंवा मेन्यूकार्ड असेल तर उलटं, ते हातात धरून बघतात, तिथे ३०० पीपीआय आणि सगळी बारीक कलाकुसर.

मूळ फाईल एक्ससीएफमध्ये, म्हणजे गिंपच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये, सगळ्या लेयरसकट ठेवा आणि प्रिंटला वेगळी एक्सपोर्ट द्या. सॉलिड नॉइजचा सीड नंबर (ज्या आकड्यावरून तो ढग बनतो तो) एका लेयरच्या नावात लिहून ठेवत जा, तोच ढग परत पाहिजे असेल तर त्याशिवाय मिळत नाही.

आणि प्रिंटवाल्याला फाईल पाठवताना सोबत एक ओळ नक्की लिहा की डिझाईन असंच आहे. मी लिहिली नव्हती. संध्याकाळी फोन आला, "ताई, फाईल खराब आलीय वाटतं, खालून सगळा रंग उडालाय, काळजी नको, मी भरून घेतलाय."